मदत हवी आहे: विनोदी दिवाळी अंकाचं सुटं मुखपृष्ठ ओळखायचंय

मंडळी, नमस्कार. अकोला जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यातलं वाचनालय नव्या खोलीत हलवतो आहोत. कपाटामागे जुन्या विनोदी दिवाळी अंकांचा गठ्ठा निघाला. रद्दीवाला दारात उभाच होता, त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

'आवाज'चे बरेच अंक आहेत. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकाच्या खिडकीचित्रांबद्दल इथं वेगळं काय सांगू? पानाला कापलेल्या खिडकीतून भलतंच काहीतरी दिसतं आणि पान उलटलं की बघणाराच ओशाळतो. आमच्या वाचकांनी (सगळे सभ्य, घरंदाज!) बोटं घालघालून खिडक्यांच्या कडा पार फाडल्या आहेत. 'मोहिनी'चं एक मुखपृष्ठ मात्र व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांच्या सहीसकट शाबूत आहे.

घोळ आहे तो एका सुट्या मुखपृष्ठाचा. टकलू नवरा शिडीवर चढून आकाशकंदील टांगतोय, खाली बायको बटण दाबते, तर कंदील काळाच आणि उजेड पडलाय टकलाला! शब्द एकही नाही. सहीचा कोपरा नेमका कसरीनं खाल्लाय, अंकाचं नावही गेलंय. मागच्या जाहिरातीत पत्ता 'मुंबई २' एवढाच. वाचनालयाच्या शिक्क्यात जिल्ह्यापुढे 'म. प्र.' आहे.

दिवाळीत ही मुखपृष्ठं वाचनालयात मांडायची आहेत. लेखकांची नावं सगळ्यांना पाठ असतात, मुखपृष्ठ काढणारा मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. म्हणून खाली त्याचं नाव पाहिजेच. कोणी ओळखतं का? निदान साल तरी? आणि लॅमिनेशन करून घ्या म्हणून सगळे मागं लागलेत, करू का?

प्रतिसाद:

भाऊ, लॅमिनेशन अजिबात नको, ते पुन्हा निघत नाही. सेलोटेपही लावू नका.

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, म्हणजे नुसतं 'मुंबई २' बहुधा त्याआधीचं. विदर्भ १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, पण वाचनालयं जुना शिक्का झिजेपर्यंत मारतात, त्यामुळे एकट्या 'म. प्र.'वर जाऊ नका. जाहिरातीत किंमत शोधा. आणे असतील तर बहुतेक १९५७ च्या आधीचं, 'नये पैसे' असतील तर १९५७ ते ६४ मधलं. दोन्ही बाजूंचे फोटो टाका, रेषेवरून चित्रकार ओळखणारे इथं आहेत.