समद्विभुज त्रिकोण, एक कोन 40°. बाकीचे दोन किती?

आर्णीकडची आई
नमस्कार. माही पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीत हाय. दिवाळीच्या अभ्यासात गणित आलं: "समद्विभुज त्रिकोणाचा एक कोन 40° आहे, उरलेले कोन काढा." आकृती नाही. तिनं 180 मधून 40 वजा केले, 140 चे दोन भाग केले, 70-70. गाईडात उत्तर 40 अन् 100. पोरगी म्हणते गाईड चुकलं, तिचा बाप म्हणते छापलेलं खोटं कसं राहीन. मी बारावी आर्ट्स, अन् वरून कापसाची वेचणी सुरू. हे भांडण मिटवून द्या बाप्पा.

दिग्रसचा मास्तर
ताई, दोन्ही बरोबर. दोन बाजू सारख्या असल्या की त्यांच्यासमोरचे कोनही सारखे. पण 40 हा शेंड्याचा कोन, म्हणजे त्या दोन सारख्या बाजूंमधला, की पायथ्याचा, हे प्रश्नात सांगितलंच नाही. शेंड्याचा असेल तर 40, 70, 70. पायथ्याचा असेल तर दुसराही 40, शेंड्याला उरले 100. बेरीज दोन्हीकडे 180 भरते.

आता पोरीचा त्रिकोण झाला लघुकोन अन् गाईडातला विशालकोन, समद्विभुज मात्र दोन्ही. लेकरं इथंच अडकतात. त्रिकोणाची सहाही नावं, बाजूंवरून तीन अन् कोनांवरून तीन, एका दमात पाठ करतात अन् त्यातलं एकच निवडायचं समजतात. अहो, प्रत्येक त्रिकोणाला बाजूंवरून एक अन् कोनांवरून एक, अशी दोन नावं असतात. तिला म्हणा, समभुज काटकोन त्रिकोण काढून दाखव. संध्याकाळ जाईल तिची! समभुजाचे तिन्ही कोन 60 चेच, 90 बसणार कुठं?

तुरवाला
मास्तरांपुढं बोलू नये, पण कोनमापक नंतर काढा. मागच्या सालच्या तुराट्या घरी असतीलच. वीतभर लांबीचे दोन सारखे तुकडे घ्या, एका टोकाला सुतळीनं ढिले बांधा, जमिनीवर ठेवून फाकवा. खडूनं खालची रेघ मारली की समद्विभुज तयार. शेंडा जितका फाकला, तितके खालचे दोन कोन मिळून कमी होतात. आमच्या पोट्ट्याले हे दिसलं तवा 180 आपोआप पटलं.

आर्णीकडची आई
अंगणात करून पाहिलं. तिच्या बापालेही दाखवलं, तर थे म्हणते आकृती द्याले काय झालं होतं गाईडवाल्याले. पोरगी विचारते, आता दरवेळी दोन उत्तरं लिहायची का?

दिग्रसचा मास्तर
नाही. दिलेला कोन 90 किंवा त्याहून मोठा असेल तर तो शेंड्याचाच. तसले दोन एका त्रिकोणात मावत नाहीत. 110 दिला तर 35-35, विषय संपला. 90 पेक्षा लहान असेल अन् आकृती नसेल, तर दोन्ही लिहायचे. फक्त एक माप असं आहे की दोन्ही वाटांनी उत्तर एकच येतं. ते तिलाच शोधू द्या, अन् तुरवाले भाऊ, तुम्ही मधात सांगू नका.