बॅरलवर स्कोपचा बेस इपॉक्सीने चिकटवला तर टिकेल का? मी टेस्ट केलीये, आता भांडा

हौशी_नेमबाज
जुनी बोल्ट ॲक्शन रायफल आहे. बॅरलला आजवर कुणी ड्रिल लावलेलं नाही आणि मलाही लावायचं नाहीये, एकदा भोक पडलं की पडलं. स्कोप पुढे बॅरलवर बसवायचाय, म्हणजे अमेरिकन नेमबाजी प्रशिक्षक जेफ कूपरने त्याच्या हलक्या 'स्काउट' रायफलसाठी सांगितला होता तसा, त्याने बोल्ट मोकळा फिरतो आणि वरून काडतुसं भरता येतात. तर स्टीलची पूड घातलेल्या दोन ट्यूबवाल्या इपॉक्सीने दोन बेस (स्कोप ज्यांवर बसतो ते ठोकळे) चिकटवावे असं डोक्यात आहे.

नुसतं डोक्यात नाही, टेस्टपण केली. भंगारातल्या बॅरलचा तुकडा घेतला, त्यावर २५ बाय १२ मिमीचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, खालून बॅरलच्या गोलाईला जुळवून घासलेला, २४ तास सुकू दिला आणि तुकडा शिकंज्यात उभा धरून ठोकळ्याला साखळीने वजन लटकवलं. १०० किलो! हूं नाही की चूं नाही. माझ्या मते विषय संपला. विरोध असेल तर कारणासकट करा, "आमच्या वेळी असं नव्हतं" नको.

जुना_फिटर
आमच्या वेळी असं नव्हतंच. 😀

कारण देतो. तू शांतपणे वजन लटकवलंस, रायफल शांतपणे काही करत नाही. दुसरं म्हणजे टेस्ट थंड तुकड्यावर केलीस. खोलीच्या तापमानाला सुकवलेली साधी इपॉक्सी साधारण ५० ते ७० अंशाच्या आसपास मऊ पडायला लागते, पातळ होत नाही पण काचेसारखी कडक असते ती चिवट रबरासारखी होते. पंधरा-वीस राउंड भराभर मारून बॅरलला हात लावून बघ, ठेवता येतो का. हात ठेववत नाही म्हणजे ६० च्या पुढे गेलं समज. बारीक स्क्रू, नीट पाडलेले आटे, काम संपलं. त्यासाठीच ६-४८ चे (६ नंबर जाडी, इंचाला ४८ आटे) स्क्रू शोधून ठेवलेत लोकांनी.

लोखंडी_चणा
फिटर काकांशी असहमत. बेंचरेस्टवाले (टेबलावर टेकवून अचूक नेम मारणारे) अख्खी ॲक्शन, म्हणजे बोल्ट बसतो तो भाग, स्टॉकमध्ये (दस्त्यात) इपॉक्सीने चिकटवून टाकतात आणि त्यावर जगातले सगळ्यात बारीक ग्रुप मारतात. म्हणजे धक्का सहन होतो, प्रश्नच नाही. आणि बॅरल पातळ असेल तर ड्रिल करणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, भोक थोडं खोल गेलं की आतल्या बोअरला (गोळी जाते त्या नळीला) फुगवटा, मग ती रायफल भिंतीवर टांगायची.

जुना_फिटर
ती चिकटवलेली ॲक्शन परत काढायची झाली तर काय करतात सांगा? तापवतात. 🙂 तेच तर म्हणतोय मी. शिवाय तिथे चिकटलेली जागा केवढी मोठी आणि बॅरलपासून लांब. इथे दोन बोटांच्या नखाएवढे ठोकळे, तेही सगळ्यात गरम भागावर.

आकडेमोड
थोडं गणित करू, कारण धागाकर्त्याचे १०० किलो ऐकायला भारी वाटतात.

१० ग्रॅमची गोळी ८०० मीटर प्रति सेकंदाने जाते, रायफल ४ किलोची. दारूचा वायू थोडा धरला तर गोळी तोंडातून बाहेर पडेपर्यंत रायफल मागच्या दिशेला सेकंदाला २ मीटरच्या वर वेगाने निघालेली असते, आणि हे सगळं साधारण सव्वा मिलिसेकंदात. सरासरी काढली तर गुरुत्वाकर्षणाच्या दोनशे पट त्वरण येतं, दाब सारखा नसतो त्यामुळे शिखर दोन-अडीच पट. ५०० पट धरा. स्कोप आणि त्याला धरणाऱ्या रिंगा मिळून अर्धा किलो असेल तर त्या क्षणी स्कोप २५० किलोच्या जोराने जागेवर राहायला बघतो आणि बेस त्याला ओढतो. दोन बेसवर वाटला तर प्रत्येकी १२५ किलो.

म्हणजे भाऊ, तुमची टेस्ट एका शॉटच्या लोडलासुद्धा पोचली नाहीये.

पण फिटर काकांनी लगेच खूश होऊ नये. ३०० चौरस मिमीवर १२५ किलो म्हणजे साधारण ४ मेगापास्कल, आणि चांगल्या इपॉक्सीचा स्टीलवर शिअर (सरकवणाऱ्या जोराला टिकायची ताकद) २० मेगापास्कलच्या वर सहज असतो. थंड असताना पाचपट ताकद शिल्लक आहे. गरम झाल्यावर किती उरते, सगळं भांडण तिथेच आहे.

हौशी_नेमबाज
हे गणित आधी केलं असतं तर बरं झालं असतं, मान्य. पण माझ्या ट्यूबवर २५० अंश लिहिलंय, मग ५०-७० कुठून आलं?

आकडेमोड
ट्यूबवरचा आकडा बहुतेक वेळा "जळून जात नाही" याचा असतो, "तेवढीच ताकद राहते" याचा नाही. माहितीपत्रकात तापमानानुसार शिअरची रेघ दिलेली असेल तर ती बघा. नसेलच तर कंपनीने का दिली नाही याचा विचार करा.

डाखवाला
एवढं चिकटवाचिकटवीचं रामायण कशाला, कथील-शिशाचा डाख द्या की. ६३-३७ चा डाख १८३ अंशाला वितळतो, बॅरल तिथवर हौशी माणूस नेत नाही, आणि एवढ्या उष्णतेने स्टीलचं पाणी उतरत नाही. दुनळीच्या दोन नळ्यांमधली पट्टी वर्षानुवर्षं डाखावरच बसलेली असते. फक्त पितळी डाखाच्या नादाला लागू नका, तो ६०० च्या पुढे, तिथे बॅरलची वाट लागेल.

लोखंडी_चणा
आणि ब्लूइंग, म्हणजे स्टीलवरचा गंजरोधक निळा-काळा थर? डाख द्यायचा तर ते घासावं लागणार, आणि परत गरम क्षारांच्या टाकीत ब्लूइंग केलं तर तो क्षार डाखच खातो. दुनळ्यांना म्हणून तर गंज चढवून हळूहळू ब्लूइंग करतात. म्हणजे रायफलला हात न लावण्यासाठी एवढा आटापिटा आणि शेवटी रंगच काढायचा.

डाखवाला
इपॉक्सी काय ब्लूइंगवर चिकटवणार? तो थर सुटला की खालचं सगळं सुटलं. घासायचं तर दोघांनाही आहे साहेब.

पाणीपरीक्षा
डाखवाल्यांचा हा मुद्दा बरोबर आहे, आणि मला वाटतं निम्मे लोक तिथेच माती खातात आणि मग बोल इपॉक्सीला लावतात. बेसखालची जागा नागड्या स्टीलपर्यंत ८० ते १२० नंबरच्या पेपरने घासायची, ॲसिटोनने पुसायची, तेच फडकं परत फिरवायचं नाही. मग त्यावर स्वच्छ पाणी टाकून बघायचं, सलग पापुद्रा राहिला तर जागा स्वच्छ, पाण्याचे थेंब झाले तर तेल आहे, परत पुसा. बंदुकीच्या बॅरलवर किती वर्षांचं तेल मुरलंय याचा विचार करा. नंतर वाळवून लगेच चिकटवायचं आणि बोट लावायचं नाही.

दुसरी चूक म्हणजे क्लॅम्प आवळून सगळी इपॉक्सी पिळून बाहेर काढणं. ०.१ ते ०.२ मिमीचा थर राहायलाच हवा, दोन्ही टोकांना बारीक तार ठेवली की जमतं. आणि हार्डनर अंदाजपंचे नको, काट्यावर मोजा, जास्त घातला म्हणून जास्त कडक होत नाही, उलट मऊ राहतो.

आणि एक, जे इथे कुणीच बोललं नाही. ठोकळा ॲल्युमिनियमचा का? ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. २५ मिमीच्या ठोकळ्यात ६० अंशांच्या फरकाला १६-१७ मायक्रॉनची तफावत येते आणि ती सगळी तो पातळ थर सोसतो, एकही शॉट न मारता. बेस स्टीलचाच घ्या.

जुना_फिटर
पाणीपरीक्षा, हे पटलं बुवा. एवढी निगा राखणार असाल तर माझा विरोध अर्धा कमी. उरलेला अर्धा असा की सगळे "सुटेल का" विचारतायत. स्कोपला सुटायची गरजच नाही. जुन्या लांब टार्गेट स्कोपचे दोन ब्लॉक ७.२ इंचांवर बसवायचे, म्हणजे १८३ मिमी. एक ब्लॉक २० मायक्रॉन, केसाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा, वर-खाली सरकला तर १०० मीटरवर ११ मिमीचा फरक. ब्लॉक घट्ट दिसेल, हाताने हलणार नाही, आणि तू आठवडाभर काडतुसांच्या लॉटला शिव्या देशील.

लोखंडी_चणा
हे स्क्रू ढिला झाल्यावरही होतं काका.

जुना_फिटर
स्क्रू परत आवळता येतो.

हौशी_नेमबाज
बरं, आठवडाभर गप्प होतो कारण परत टेस्ट करत होतो. स्टीलचे दोन ठोकळे, तोच भंगार बॅरल, पाण्याची परीक्षा पास, तार ठेवून थर, इपॉक्सी तीच. पहिला थंडच ठेवून खेचला, १८० किलोला माझी साखळीची कडी उघडली, ठोकळा जागच्या जागी. दुसरा तुकड्यासकट ओव्हनमध्ये ७० अंशावर तासभर ठेवला (घरच्या नाही, जुन्या, बायको वाचत असेल तर) आणि बाहेर काढून लगेच लटकवला. ४० किलोला सरकला. तुटून पडला नाही, हळूच खाली सरकला आणि थंड झाल्यावर तिथेच परत दगडासारखा घट्ट.

म्हणजे फिटर काका जिंकले असं लिहायचं जिवावर येतंय. रिकॉइलचा (गोळी सुटतानाच्या धक्क्याचा) लोड मिलिसेकंदाचा असतो, मी ४० किलो लटकवून ठेवले होते, त्यामुळे दोन्ही सारखं नाही हेही खरंच. पण आता दोन गोष्टी ठरवल्यात. पुढची इपॉक्सी गरम करून सुकवायची असते त्या जातीची घ्यायची, आणि बेस नुसत्या चिकटवण्यावर न सोडता मागच्या साइटच्या जुन्या बेसला अडवून बसवायचा, म्हणजे धक्का लोखंड घेईल आणि इपॉक्सी फक्त धरून ठेवेल. भोक नाही म्हणजे नाही.

आकडेमोड
अडवून बसवणं ही आत्तापर्यंतची सगळ्यात शहाणी सूचना. रिंगा चिकटवायच्या आधीच सरळ रेषेत आणा मात्र. तिरक्या रिंगा आवळल्या की तो ताण इपॉक्सीवर चोवीस तास राहतो, आणि असा कायमचा ताण आणि वरून उष्णता हे तिला धक्क्यापेक्षा जास्त बाधतं.

जुना_फिटर
जिंकण्या-हरण्याचं सोड. तो दुसरा ठोकळा किती सरकला ते मोजलंस का?

हौशी_नेमबाज
डोळ्यांना दिसला एवढा सरकला. मोजला नाही.

जुना_फिटर
मग ५० अंशावर परत कर, डायल गेज लावून. डोळ्यांना दिसत नाही तेवढं सरकतं का ते बघायचंय.