मदत हवी आहे : चाळीच्या चौकातील लेझर शोसाठी सुरक्षित मांडणी

नमस्कार. आमच्या गिरगावातील तीन मजली चाळीत यंदा गणेशोत्सवात लेझर शो करावा, असा तरुण मंडळींचा आग्रह आहे, आणि त्याची चौकशी माझ्याकडे आली आहे.

मनुष्याच्या डोळ्याला 555 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश सर्वांत तेजस्वी वाटतो, त्यामुळे 532 नॅनोमीटरचा हिरवा किरण तेवढ्याच शक्तीच्या लाल किरणापेक्षा ठळक दिसतो, हे मला ठाऊक आहे. हवेत धूर किंवा बाष्पकण नसतील तर मात्र किरण मधल्या वाटेत दिसतच नाही. आमच्या चौकात समुद्राकडून वारा येतो आणि धूर क्षणात विरतो. यावर उपाय काय?

खरी चिंता वेगळीच आहे. अमेरिकेतील नियमानुसार किरण प्रेक्षक उभे असतील त्या पातळीपासून किमान 3 मीटर उंच ठेवतात. पण आमचे निम्मे प्रेक्षक वरच्या गॅलऱ्यांतच कठड्याला टेकून उभे असतात! गेल्या वर्षी एका मिरवणुकीतला हिरवा ठिपका आमच्या आईच्या तुळशीवरून सरकत थेट दारापर्यंत आला होता, आणि भाच्याच्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात तेव्हापासून एक उभी रेघ कायमची उमटली आहे.

ठेकेदार चौथ्या वर्गाचे, म्हणजे 500 मिलिवॅटहून अधिक शक्तीचे यंत्र देऊ करतो आहे. अशा जागेत किरण फक्त समोरच्या कोऱ्या भिंतीवर खिळवून चित्रे काढणे पुरेसे सुरक्षित ठरेल का? ठेकेदाराकडून नेमकी कोणती कागदपत्रे मागावीत? अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.