मदत हवी आहे: कोलंबियाची कॅरिबियन किनारपट्टी, १० दिवस

नमस्कार मंडळी. जानेवारीत मी आणि आई (वय ६४) कार्ताहेना आणि सांता मार्ताला जातोय. कार्ताहेना १५३३ सालचं, सांता मार्ता त्याहून जुनं, १५२५ चं. कार्ताहेनाची तटबंदी आणि सान फेलिपे किल्ला बघायचाच आहे. १७४१ मध्ये इंग्रजांचं प्रचंड आरमार इथूनच हात हलवत परतलं. जंजिरा बघत वाढलेल्या माणसाला हे सोडवत नाही!

पण खरी ओढ सान बासिलियो दे पालेंकेची आहे. गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकन लोकांनी वसवलेलं गाव, आजही स्वतःची भाषा बोलणारं. तिथे नुसतं बघ्यासारखं जायचं नाही. गावातलाच वाटाड्या कसा शोधायचा? कार्ताहेनाहून सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येतं का?

दुसरं, सिउदाद पेर्दिदाचा (जंगलातल्या प्राचीन ‘हरवलेल्या शहरा’चा) चार दिवसांचा ट्रेक आईला झेपणार नाही. त्याऐवजी सांता मार्ताजवळच्या तायरोना राष्ट्रीय उद्यानात कमी चालून समुद्र दिसेल अशी जागा आहे का?

पिवळ्या तापाची लस घेतोय, परतताना भारतात प्रमाणपत्र लागतं म्हणून. आई पूर्ण शाकाहारी आहे. नारळीभात आणि तळलेली केळी यापलीकडे काय मिळेल? कोणी जाऊन आलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.