आपल्याला खरंच किती जेवण लागतं? तुमच्या घरचे अनुभव सांगा

बार्शीची लेक

वडील 76 वर्षांचे आहेत. बार्शीजवळच्या गावात आयुष्यभर शेती केली. काढणीच्या दिवसांत दुपारी बांधावर तीन भाकरी, पिठलं, कांदा, मूठभर शेंगदाणे आणि रात्री पुन्हा दोन भाकरी, असं त्यांचं जेवण होतं. गेल्या वर्षी आईवडील माझ्याकडे पुण्याला आले. आता ते एका वेळी एकच भाकरी खातात. आई रोज त्यांच्या ताटाकडे बघून म्हणते, "इथं आल्यापासून ह्यांचं अन्नच तुटलं."

शेवटी एका रविवारी मी पीठ तोललं. आईच्या हातच्या ज्वारीच्या एका भाकरीला 80 ग्रॅम पीठ लागलं, म्हणजे साधारण 265 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये दिलेल्या आकड्यांत 65 किलो वजनाच्या पुरुषाला बैठ्या कामासाठी दिवसाला 2110 आणि अंगमेहनतीच्या कामासाठी 3470 कॅलरी धरल्या आहेत. मधला फरक 1360. आईच्या हातच्या जवळजवळ पाच भाकरी! शेतातलं काम सुटलं तेव्हा वडिलांच्या शरीराने एवढ्या भाकरी मागायचंच सोडलं होतं, आणि आम्ही मात्र धसका घेऊन बसलो होतो. त्यांचं वजन दर महिन्याला बघते. ते टिकून आहे, म्हणून डॉक्टरही निश्चिंत आहेत. घट्ट वरणाची वाटी मात्र मी त्यांना चुकवू देत नाही.

मी स्वतः दिवसभर खुर्चीत बसून काम करते आणि वाढून घेत होते ते लहानपणी शेतावरच्या घरात बघितलेलं ताट. तुमच्याकडे हे माप कोण ठरवतं? मनापासून लिहा.

अबोली

आमच्याकडे माप पातेल्यात काय उरलं त्यावर ठरायचं. लग्नाला 22 वर्षं झाली. सगळे जेवून उठले की मी बसणार. तोवर भाजी तळाला गेलेली, वरणातली डाळ संपून वरचं पाणी राहिलेलं, भात मात्र भरपूर. अन्न टाकवत नाही, म्हणून तो सगळा मी खायची. रात्रीचा उरला तर सकाळी फोडणी देऊन पुन्हा मीच. पोट रोज तुडुंब. वजन 71 किलोवर गेलं आणि त्याच महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 8.6. तो कागद मला खराच वाटेना. एवढं खाणाऱ्या बाईच्या अंगात रक्त नाही?

डॉक्टरबाईंनी विचारलं, "दिवसाला डाळ किती वाट्या खाता? पालेभाजी किती?" मला सांगता येईना. स्वतःसाठी वाटी अशी मी कधी घेतलीच नव्हती.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. शिवाय मी एक ठरवलं. स्वयंपाक झाला की घट्ट वरण आणि पालेभाजी आधी माझ्या वाट्यांत काढून झाकून ठेवायची. लोह अंगी लागावं म्हणून खाताना वर लिंबू पिळायचं, जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, आणि तांदूळ एक वाटी कमी लावायचा. पहिले आठ दिवस काहीतरी चोरून खातेय असं वाटायचं. पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8 आलं. सासूबाई आता नाहीत. त्याही अशाच सगळ्यांच्या मागून जेवत. त्यांच्यासाठी कधी वाटी काढून ठेवावी हे मलाही सुचलं नाही, ते फार लागतं मनाला.

बार्शीची लेक

अबोलीताई, तुमचं वाचून उठले आणि आईला विचारलं, "तू किती भाकरी खातेस गं?" तिला आठवून सांगावं लागलं. वडिलांचं ताट तोलताना माझं तिच्या ताटाकडे लक्षच गेलं नव्हतं.

भुसारपट्टी

माझे वडील पुण्याच्या भुसार बाजारात हमाल होते. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. सकाळी चहा-चपाती खाऊन निघायचे आणि जेवायला 'कष्टाची भाकर'मध्ये. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने 1974 मध्ये सुरू केलेलं हे केंद्र ना नफा ना तोटा चालतं, त्यामुळे आणखी एक भाकरी घेताना खिसा चाचपावा लागत नसे. वडील सांगत, गाडी खाली करायची असेल तर अर्धं आधी खायचं, अर्धं नंतर. भरल्या पोटावर पाठीवर पोतं पेलत नाही.

साठीला त्यांनी काम सोडलं, भाकरी तेवढ्याच राहिल्या. दोन वर्षांत साखर निघाली. ज्या माणसाने पोटभर भाकरीसाठी पाठ झिजवली त्याला "कमी खा" कुठल्या तोंडाने सांगायचं? माझ्याच्याने झालं नाही. आईने मार्ग काढला. भाकरी लहान थापायला लागली, मोजून तेवढ्याच. पहिल्याच दिवशी वडिलांच्या ते लक्षात आलं. काही बोलले नाहीत, मुकाट्याने जेवले.

देवगडकर

आमच्याकडे सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज. वाटीभर तांदूळ चौघांना पुरायचा, सोबत लोणच्याची फोड नाहीतर भाजलेला सुका बांगडा. एकपर्यंत भुकेची आठवण होत नसे. मुंबईत नोकरीला लागल्यावर त्याच वेळच्या भुकेला वडापाव मिळाला, आणि तो खाऊन तासाभरात पुन्हा काहीतरी हवंसं व्हायचं. आता थर्मासमधून पेज नेतो.

ओलीबाळंतीण

गरोदरपणात "दोन जिवांचं खा" हे रोज ऐकलं. पोषण संस्थेच्या त्याच आकड्यांत गरोदरपणी दिवसाला फक्त 350 कॅलरी जास्त सांगितल्या आहेत, आणि अंगावर पाजताना पहिले सहा महिने 600. खरी भूक मला बाळ झाल्यावरच लागली. रात्री दोनला पोटात अक्षरशः आग पडायची. आई डिंकाचा लाडू उशाशी डब्यात ठेवून झोपायची. आणि नेमक्या त्याच दिवसांत येणारा-जाणारा म्हणत होता, "आता जरा कमी कर, सुटलीयस." नव्या आईला हे कृपा करून कुणी म्हणू नका.

पाझर तलाव

माझी आजी 72 च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. कामावर सुकडी, म्हणजे कोरडा पौष्टिक खाऊ, मिळायची. त्यातली अर्धी ती पदराला बांधून पोरांसाठी घरी आणायची. आज तिची भूक चिमणीएवढी आहे, पण ताटात शीतही राहू देत नाही. जास्त वाढलं तर तेवढं संपवते आणि मग रात्रभर तिचं पोट दुखतं. म्हणून आम्ही तिला पळीभरच भात वाढतो आणि भांडं तिच्या हाताशी ठेवतो. कधीमधी ती स्वतःच आणखी थोडा घेते.