‘हयगय’, ‘हलगर्जीपणा’ आणि डॉक्टरांवरचा गुन्हा

प्रश्न : किल्ला कोर्टातील एका वकिलांसाठी मी कागदपत्रांची भाषांतरे करतो. रुग्णाच्या मृत्यूच्या एका प्रकरणात डॉक्टरांच्या एकाच कृत्याला पोलिसांनी ‘हयगय’, नातेवाइकांनी ‘हलगर्जीपणा’ आणि वृत्तपत्राने ‘सदोष मनुष्यवध’ म्हटले आहे. हे शब्द एकमेकांच्या जागी चालतील का?

उत्तर : तिसरा मुळीच चालणार नाही. सदोष मनुष्यवधाला मृत्यू घडवण्याचा हेतू, किंवा आपल्या कृत्याने मृत्यू संभवतो ही जाणीव लागते. हयगयीत ती नसते, म्हणूनच जुन्या दंडसंहितेत ३०४ आणि ३०४-अ ही कलमे वेगळी होती. (बातमीत तो ‘अ’ गळला की डॉक्टरांचा गुन्हाच बदलतो.) १ जुलै २०२४ पासून ही कलमे भारतीय न्याय संहितेत १०५ आणि १०६(१) झाली आहेत. १०६(१) मध्ये इतरांना पाच वर्षांपर्यंत कैद असली, तरी उपचारप्रक्रिया करताना मृत्यू ओढवल्यास नोंदणीकृत डॉक्टरांना ती दोन वर्षांपर्यंतच आहे. दंड दोघांनाही आहे.

‘हयगय’ हा मुळात घरातला शब्द : पाहुण्यांची हयगय होऊ नये, औषधपाण्यात हयगय करू नये. त्यात उणीव कळते, तिचे प्रमाण कळत नाही, आणि फौजदारी कायद्यात तर सगळा प्रश्न प्रमाणाचाच आहे. जेकब मॅथ्यू खटल्यात (२००५) श्वासाचा त्रास होत असलेल्या रुग्णासाठी आणलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला होता. आपण याला सहज हयगय म्हणू. सर्वोच्च न्यायालयाने मात्र डॉक्टरांवरील फौजदारी कारवाई रद्द केली, कारण कलमात ‘ग्रॉस’ (gross) हे इंग्रजी विशेषण नसले तरी निष्काळजीपणा फार वरच्या दर्जाचा असल्याशिवाय तो गुन्हा ठरत नाही, असे त्याने धरले. रुग्णालयाच्या दिवाणी जबाबदारीचा प्रश्न निराळा.

प्रश्न : मग ते विशेषण मराठीत कोणते लिहावे? ‘ढोबळ’?

उत्तर : ‘ढोबळ नफा’ ठीक आहे, पण ‘ढोबळ निष्काळजीपणा’ म्हटल्यावर वाचकाला अंदाजे केलेला निष्काळजीपणा वाटेल. ‘अक्षम्य’ लिहिले तर निकाल भाषांतरकारानेच दिल्यासारखे होते. मी ‘घोर निष्काळजीपणा’ लिहितो. ‘बेदरकारपणा’ मात्र धोका दिसत असताना पर्वा न करण्यासाठी राखून ठेवावा. नातेवाइकांच्या अर्जातला ‘हलगर्जीपणा’ बदलू नका, कारण त्यातला संतापही त्या कागदाचा भाग आहे.