तो 'के' कर्कपॅट्रिकचा

अठराव्या शतकातला संगीतकार डोमेनिको स्कार्लाती याच्या सोनाटांच्या (वाद्यावर वाजवायच्या छोट्या रचनांच्या) क्रमांकांपुढे 'के' लिहितात. तो मोझार्टसारखाच क्योखेलचा, म्हणजे मोझार्टच्या रचनांची यादी करणाऱ्याचा असावा, असं कुणीतरी म्हटलंय. नाही हो, तो राल्फ कर्कपॅट्रिकचा! अमेरिकन हार्पसिकॉर्डवादक (हार्पसिकॉर्ड म्हणजे पियानोच्या आधीचं, तारा छेडणारं पट्ट्यांचं वाद्य), जन्म १९११. हार्वर्डमधून पदवी घेतली आणि पॅरिसला हार्पसिकॉर्डवादक वांडा लांडोव्स्काकडे शिकायला गेला. पुढे येलमध्ये प्राध्यापकी.

स्कार्लाती माद्रिदला १७५७ साली वारला, हाताशी कागदपत्रं फारशी नाहीत. १९४७ मध्ये या पठ्ठ्याने काय करावं? माद्रिदची टेलिफोन डिरेक्टरी उघडून स्कार्लाती आडनाव शोधलं, आणि वंशज सापडले की! त्यातूनही माहिती मिळाली. स्कार्लातीवरच्या १९५३ च्या ग्रंथात कर्कपॅट्रिकने ५५५ सोनाटांना नवे क्रमांक दिले. त्याआधी या सोनाटा संपादित करणाऱ्या लाँगोचे आकडे चालायचे, पण त्याच्या आवृत्तीत जोडीने वाजवायच्या सोनाटांची ताटातूट झाली होती. कर्कपॅट्रिकने हस्तलिखितं पाहून जोड्या पुन्हा शेजारी बसवल्या. त्याचा क्रम रचनेच्या काळानुसार आहे हे मात्र मला पटत नाही. हस्तलिखितं म्हणजे नकलाच, आणि नक्कल कधी उतरवली यावरून रचना कधीची हे कसं ठरणार?

१९७६ मध्ये कर्कपॅट्रिकची दृष्टी गेली, तरी नंतरही तो कार्यक्रम करत होता. १९८४ ला वारला. ऐकायची सुरुवात के. १४१ या सोनाटापासून करा. एकच सूर इतक्या झपाट्याने छेडला जातो की पडघम वाजल्यासारखं वाटतं.